आधी ब्रेक, मग एसी

मे महिना उजाडला, की संगमेश्वरातल्या घामाघूम घरांतून महाबळेश्वरचे बेत शिजू लागतात. चिपळूण, खेड, पोलादपूर करत आंबेनळी घाट चढला, की सुमारे साडेचार हजार फुटांवरचा गारवा! गाडी भाड्याने ठरवताना पहिला प्रश्न ठरलेला, "एसी आहे ना?"

प्रश्न चुकीचा नाही. पोलादपूरपर्यंत एसी हवाच. पण घाटात काचा खाली होतात आणि त्याचे काम संपते. तिथे उपयोगी पडतात ते ब्रेक, टायर आणि मागच्या सीटचे पट्टे. त्यांची चौकशी कोण करतो? मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेले सायरस मिस्त्री अपघातात गेले. तरीही आपण सात आसनांच्या गाडीत नऊ माणसे कोंबतो, वर पोरे मांडीवर घेतो.

ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, हे खरे. पण भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची हवी. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. वाचवलेले हजार रुपये अपघातानंतर किती महाग पडतील!

आणि चालक? रात्रभर दुसरी फेरी करून आलेला नको. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणारा हवा. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात.

तेव्हा यंदा माणसे मोजून आसने आणि आसने मोजून पट्टे पाहू या. एसीचे मग विचारू. वरचा गारवा तर फुकटच आहे.