बिलावर नाव कोणाचं?



गेल्या महिन्यात लोणंदला गटाची बैठक होती. विषय होता घराच्या छतावर सौर वीज बसवायला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा. बाजार समितीत कांदा निवडायला जाणाऱ्या बायका काम उरकून येणार म्हणून संध्याकाळची वेळ ठेवली होती आणि निरोप दिला होता, की येताना घरचं लाइट बिल घेऊन या. बिलं आली. मी एकेक हातात घेऊन वरचं नाव मोठ्यानं वाचत गेले. नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं, परत सासऱ्याचं. त्यातले दोन सासरे वारून बरीच वर्षं झालेली. बाईचं नाव एकाच बिलावर निघालं, आणि तेही वारलेल्या सासूचं. सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. मग ध्यानात आलं, की मी तयार करून आणलेली सगळी माहिती आता बाजूला ठेवावी लागणार. कारण हा अर्ज भरायचा असतो तो बिलावर ज्याचं नाव आहे त्यानं.

आधी योजना समजून घेऊ. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांचं लक्ष्य आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची मुदत. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. त्याच्यावर कितीही मोठा संच बसवला तरी अनुदान तेवढंच. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये गरीब ग्राहकांसाठी आणखी एक योजना मंजूर केली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांना एक किलोवॅटसाठी राज्याकडून जादा रक्कम मिळते: दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,०००, इतरांना १०,०००. एका किलोवॅटचा खर्च पन्नास हजार धरला, तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला पदरचे अडीच हजार घालावे लागतात. आपल्यातल्या बहुतेकींसाठी ही दुसरी योजनाच महत्त्वाची आहे. गावात येणारे विक्रेते मात्र तीन किलोवॅटचीच गोष्ट करतात, कारण त्यांचा धंदा त्यात आहे.

किती लागतं ते आपणच मोजावं. एक किलोवॅटच्या संचाला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि तो दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो. पावसाळ्यात कमी. दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही असं घर असेल तर एक किलोवॅट पुरतो. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण तिथून घेतो, आणि नेट मीटर दोन्हीची वजाबाकी करतं. वजाबाकी शून्यावर आली तरी स्थिर आकार बिलात राहतोच, तेव्हा 'बिल शून्य' या जाहिरातीवर भुलू नका. आणखी एक गोष्ट बैठकीत सांगितल्यावर बऱ्याचजणींचे चेहरे उतरले. या संचाला बॅटरी नसते. तारेतली वीज गेली, की सुरक्षेसाठी हा संचही बंद पडतो. बाहेर रखरखीत ऊन आणि घरात पंखा बंद, असं होऊ शकतं. एका ठेकेदाराच्या माणसानं आमच्या समोर एका आजींना 'आता लाइट कधी जायचीच नाही' असं ठणकावून सांगितलं होतं. आजींनी त्याला चहा पाजला, वर.

आता नावाकडे येऊ. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी बाईच्याच नावावर मिळाली. तिथं सरकारला बाई बरोब्बर दिसली, कारण चूल तिची. छत मात्र घराच्या मालकाचं! सूर्यघरच्या नियमात बाईला कुठंही मनाई नाही. पण अट अशी, की घर स्वतःचं हवं आणि वीजजोडणी अर्जदाराच्या नावाची हवी. आपल्याकडे या दोन्ही कागदांवर बाई नसते, त्यामुळे नियमात काहीही न लिहिता ती बाहेर राहते.

ही अडचण नवी नाही. सांगली जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीला स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं परित्यक्तांसाठी काय मागितलं होतं? स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरासाठी जागा. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यात पुढे होत्या. पोटगीच्या खटल्यांची वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा बाईचं नाव एका सरकारी कागदावर आलं, तर ती तिच्या पायावर उभी राहते, हे त्या बायकांना अनुभवानं कळलं होतं. त्याच सुमाराला शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'त बायकांच्या नावावर जमीन करून द्यायला शेतकऱ्यांना सांगितलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. देशभर तो यायला २००५ उजाडलं. २००३ मध्ये राज्य सरकारनं 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचं ठरवलं. वीस वर्षं उलटून गेली. तुमच्या घराचा नमुना आठचा उतारा शेवटचा कधी पाहिलात? आमच्या बैठकीत हा प्रश्न विचारला तेव्हा कोणीच पाहिलेला नव्हता. तो कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली बाईकडे असली, तरी कागदांची पिशवी तिच्याकडे नसते.

म्हणून माझं सांगणं असं, की सौरचा अर्ज भरायच्या आधी उतारा काढा. गावात असाल तर ग्रामपंचायतीतून, लोणंदमध्ये असाल तर नगरपंचायतीतून. घरकुल मिळालं असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेचा नियमच दोघांच्या नावाचा आहे, तेव्हा तुमचं नाव त्यावर असण्याची शक्यता जास्त. उताऱ्यावर नाव असेल तर महावितरणकडे मीटरच्या नावात बदलाचा अर्ज करता येतो. मूळ ग्राहक हयात असेल तर त्याची संमती जोडायची, वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा. मीटर सासऱ्याच्या नावावर, नवराही गेलेला, अशा बायका आमच्याकडे तीन होत्या. त्यांना घरात सांगितलं जातं, 'तुझा काय संबंध?' संबंध आहे. हिंदू वारसा कायद्यानं आधी वारलेल्या मुलाची विधवा सासऱ्याच्या मिळकतीत पहिल्या वर्गाची वारस आहे. मुस्लिम मैत्रिणींचे वारसाचे नियम वेगळे आहेत, पण नवऱ्याच्या मिळकतीत विधवेचा वाटा त्यातही ठरलेला आहे. भाड्यानं राहणारीसाठी मात्र ही वाट अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं.

नाव बदलायचं म्हटलं की घरात भांडण लागतं, याची मला कल्पना आहे. एका कार्यकर्तीनं तिथंच विचारलं, "ताई, अनुदान जाऊ दे, पण घरात वाद नको. नवऱ्याच्या नावानंच भरला अर्ज तर बिघडलं कुठं?" काही बिघडत नाही. बिल कमी झालं तर घरादाराचाच फायदा आहे. फक्त एक बघा, की पैसे कोण उभे करतंय. अनुदान आगाऊ मिळत नाही. संच बसतो, नेट मीटर लागतं, तपासणीचा अहवाल चढतो, आणि मग रक्कम अर्जदाराच्या बँक खात्यात येते. विक्रेत्याला तोवर पैसे द्यायचे असतात. आपल्याकडे ते कुठून येतात? बचत गटातून, नाहीतर दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीकडून. दोन्हीकडे कर्ज बाईच्या नावावर! म्हणजे कर्ज तिचं, संच त्याचा, अनुदान त्याच्या खात्यात. हप्ता थकला तर दारात उभं राहून तिला बोलणार. असं एक प्रकरण आमच्यापर्यंत आलं आहे. त्या बाईनं अनुदानाचे पैसे जमा झाल्याचं शेजारणीकडून ऐकलं.

या योजनेत बँका लहान संचांना तारण न घेता, कमी व्याजानं कर्ज देतात. ज्याच्या नावावर मीटर, त्यानंच ते घ्यावं. गटातून पैसे द्यायचेच असतील, तर अनुदान आल्याबरोबर ते आधी गटाच्या कर्जात भरलं जाईल असं नवऱ्याकडून लिहून घ्या आणि गटाच्या इतिवृत्तात नोंदवा. लिहून मागितलं म्हणून कुणाचा संसार मोडत नाही.

याच जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. सगळी घरं सौर विजेवर. तिथली छतं पाहायला जायचा बेत आहे, आणि मी त्यांना पहिलं विचारणार आहे ते बिलांबद्दल.

पुढची बैठक लोणंदलाच आहे. येताना प्रत्येकीनं तीन कागद आणावेत: ताजं लाइट बिल, घराचा उतारा आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. उतारा मिळाला नाही तर तो मागणाऱ्या अर्जाची पोच आणा. नाव बदलाचे अर्ज आपण तिथंच बसून भरू, आणि ज्यांच्या घरी बोलायला कोणी सोबत हवं असेल त्यांनी आधी कळवा, आम्ही दोघी-तिघी येऊ.