जात्यावरच्या दोघी

मागच्या मंगळवारी रात्री दोनच्या सुमारास माझी भाची जागी झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट गेली होती आणि शेजारच्या अंथरुणावर आई नव्हती. तिने हाक मारली. उत्तर नाही. वडील रात्रपाळीला, भाऊ आजोळी. नववीतली ती पोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली, कारण तिची खात्रीच पटली होती: प्रभू येऊन गेला, सगळ्यांना घेऊन गेला, आणि आपण एकट्या मागे राहिलो. तिची आई गच्चीवर तुंबलेलं पाणी काढायला गेली होती. दहा मिनिटांनी ती निथळत खाली आली. तेव्हा पोरीने जो टाहो फोडला, तो सांगताना दुसऱ्या दिवशीही बहिणीचा आवाज फोनवर फुटत होता.

 

घडलं ते असं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती प्रचारकाने सांगितलं की प्रभूने आपल्याला दर्शन दिलं असून 23 आणि 24 सप्टेंबर 2025 या दिवसांत तो आपल्या लोकांना उचलून नेणार आहे. ते व्हिडिओ मोबाइलवरून जगभर फिरले आणि भाचीच्या हातातही आले. अशा तारखा पूर्वीही आल्या आहेत. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ची रात्र आकाशाकडे पाहत काढली. 1988 साली तिथेच एकाने अठ्ठ्याऐंशी कारणं देऊन पुस्तिका काढली. 2011 साली एका रेडिओ-प्रचारकाने 21 मे सांगितली. ती टळल्यावर 21 ऑक्टोबर सांगितली. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला.

तारीख चुकली याचा मला राग नाही. ती ऐकून महिनाभर ज्यांना झोप लागत नाही, त्या लेकरांचं काय, याचा आहे. भाचीने सहामाहीची पुस्तकं उघडलेली नव्हती. का, तर उपयोग काय? आणि हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण भीती वाटते म्हणजे आपला विश्वास कमी, असं तिला वाटत होतं.

ही भीती मी ओळखते. मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या गावी तीन रात्रींची सभा झाली होती. मांडवात कापडावर रंगवलेला मोठा तक्ता टांगला होता. सात डोक्यांचं श्वापद, त्याच्या बाजूला आग, आणि आगीत पडणारी माणसं. पाहुणे वक्ते छडीने एकेक चित्र दाखवत आणि विचारत, आज रात्री प्रभू आला तर तुमचं काय होईल? शेवटच्या रात्री पुढे येऊन गुडघे टेकणाऱ्यांत आम्ही मुलंच जास्त होतो. प्रभूवरच्या प्रेमाने कुणी गेलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मी प्रकटीकरणाचं पुस्तक उघडलं नाही. एवढ्या मोठ्या सांत्वनाच्या पुस्तकापासून त्या तक्त्याने मला दूर ठेवलं, हे मी आजही विसरू शकत नाही.

म्हणून शनिवारी मी बहिणीकडे गेले. भाचीला म्हटलं, वही घे, पण तारीख एकही लिहायची नाही. आधी पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र. पाचच अध्याय, पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतात. आपण मात्र त्यातल्या चौथ्या अध्यायातल्या दोन ओव्या तोडून तक्त्यावर चिकटवतो. भाचीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. "मावशी, हे तर घरात कुणीतरी गेल्यावर लिहिलंय." तसंच आहे. त्या मंडळीत काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला होता, आमची माणसं मुकली का? पौल त्यांना सांगतो, मुकली नाहीत, पुन्हा भेट आहे. आणि शेवटी सांगतो की या शब्दांनी एकमेकांना धीर द्या. ते पत्र दुखवट्याच्या घरी पाठवलेलं आहे.

मग दुसरं पत्र उघडलं. त्यात तर आमच्याच घरची गोष्ट निघाली. कुणीतरी पौलाच्या नावावर खपवलेल्या पत्रातून किंवा संदेशातून प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याचं त्या मंडळीला कळेल आणि ती गडबडून जाईल, अशी पौलाला काळजी होती. तसल्या निरोपाने घाबरून जाऊ नका, असं तो बजावतो. त्याच पत्राच्या शेवटी, काम सोडून बसलेल्यांना तो शांतपणे आपापल्या कामाला लागायला सांगतो. भाचीने गणिताच्या पुस्तकाकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

ख्रिस्तविरोधी हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो योहानाच्या पहिल्या दोन पत्रांतच सापडतो, हे तिला खरं वाटेना. शोधून पाहायला तिने अर्धा तास घालवला. श्वापदाच्या खुणेची तिला सगळ्यात धास्ती होती. बारकोड, लस, आधार, सगळं तिच्या यादीत होतं. मी म्हटलं, तेराव्या अध्यायाला थांबू नकोस, पान उलट. चौदाव्याच्या पहिल्याच ओवीत कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. सातव्यात त्यांच्यावर आधीच शिक्का मारलेला आहे. ही दुसरी खूण त्या तक्त्यावर कुणीच का रंगवली नाही?

राहिली मागे राहण्याची भीती. मत्तय, अध्याय 24: शेतातले दोघे, जात्यावरच्या दोघी, एक घेतला जातो, एक ठेवला जातो. इथेही मागे जायचं, 37व्या ओवीपासून वाचायचं. तिथे नोहाचा काळ आहे. पुराने वाहून नेलं ते बेसावध होते. नोहा आणि त्याचं घर राहिलं. मग "नेली जाणं" हे भाग्य की संकट? काही अभ्यासक 31व्या ओवीकडे बोट दाखवून नेले जाणारेच निवडलेले, असं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणंही वाचावं. मला नोहाचाच धागा सरळ वाटतो. पण एवढा प्रश्न उघडा असताना लेकराला त्याच्या जोरावर रात्रभर जागं ठेवायचा हक्क कुणालाही नाही.

या ओवीपाशी मी दर वेळी रेंगाळते, कारण माझी आजी आणि तिची जाऊ रोज पहाटे एकाच जात्यावर दळायच्या. समोरासमोर पाय पसरून बसायच्या, एका खुंट्यावर दोघींचे हात. एकीने वैरण घालायची, दुसरीने ओढ धरून ठेवायची. धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. त्यानंतर आजी एकटी दळायची आणि तेवढ्याच पायलीला दुप्पट वेळ लागायचा. तिला वाचता येत नव्हतं. मंडळीत ही ओवी वाचली गेली की ती पदर डोळ्यांना लावायची. आम्हाला वाटायचं, शेवटच्या दिवसाला घाबरते. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "प्रभूला ठाऊक हाय बघ, एकटीला जातं किती जड जातं ते." तक्ता रंगवणाऱ्याने त्या ओवीत धमकी पाहिली आणि माझ्या आजीला त्यात आपली जाऊ दिसली. आपण ख्रिस्ती माणसं वचनालाही ओवी म्हणतो आणि बायका जात्यावर गातात तीही ओवीच. जात्यावरची ओवी एकीने उचलायची आणि दुसरीने पुढे न्यायची असते. बायबलातलीही तशीच वाचली पाहिजे, मागचीपुढची सोबत घेऊन.

आता पुराचं. त्याच आठवड्यात मराठवाडा आणि सोलापूर पाण्यात होते. सीनाकाठची शेतं माती धरून वाहून गेली. त्याचे फोटो लावून "ही शेवटाची चिन्हं" असे संदेशही फिरले. युद्ध, दुष्काळ, भूकंप यांबद्दल बोलताना प्रभूने मत्तयाच्या त्याच अध्यायात घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असं सांगितलं आहे. ज्याचं सोयाबीन कुजलं त्याच्या दारात आपल्याला चिन्ह दिसतं आणि माणूस दिसत नाही, याने माझा जीव तुटतो. बहिणीच्या मंडळीतल्या बायकांनी रविवारी उपासनेनंतर पीठ आणि डाळीची पाकिटं भरली. भाचीही बसली होती.

काल तिचा फोन आला. "मावशी, पणजीचं जातं अजून आहे का?" आहे, मागच्या पडवीत. पाळू शाबूत आहे, खुंटा मात्र गेलाय. दिवाळीच्या सुट्टीत ती येणार आहे. आईलाही घेऊन ये, म्हटलं, एकटीला ओढणार नाही. सुताराला बाभळीचा नवा खुंटा करायला सांगितला आहे.