शिंतोडे चार घरांवर

यंत्राच्या जोरदार धारेने गच्ची, अंगण, पार्किंग धुऊन देण्याचा व्यवसाय थोड्या भांडवलात सुरू होतो. टिकवणे मात्र अवघड, कारण पैसे एक घर देते आणि शिंतोडे चार घरांवर उडतात. गच्चीवरचे शेवाळ खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर पडले, की पुढच्या वर्षीचे काम गेलेच म्हणून समजावे. त्या बाई गिऱ्हाईक नसतील, पण सोसायटीच्या सभेत त्यांचा आवाज यंत्रापेक्षा मोठा असतो!

तेव्हा आदल्या दिवशीच जिन्यात वेळ लिहून चिठ्ठी लावावी. कपडे, गाड्या, कुंड्या हलवायला सांगावे. मळके पाणी कोणत्या पन्हाळीतून कोणाच्या दारात उतरणार, हे यंत्र सुरू करण्याआधी पाहावे. दुपारी वामकुक्षीच्या वेळी यंत्र बंद.

अरुंद धार मळाबरोबर भिंतीचा रंगही उडवते. रंगीत भिंतीला ४० अंशांचे, रुंद फवाऱ्याचे नोझल बरे. तेही आधी एका कोपऱ्यात मारून दाखवावे. जुने तडे गिऱ्हाइकासमोरच लिहून घ्यावेत, नाहीतर ते धुणाऱ्याच्या माथी बसतात.

पाण्याबद्दल तर शेजारी हमखास बोलतात, आणि त्यांचे चूक नसते. मार्च २०२४ मधल्या टंचाईत बेंगळुरूत पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासारख्या कामांना वापरल्यास ५,००० रुपये दंड ठरला होता. पाणी बोअरचे किंवा प्रक्रिया केलेले असेल, तर चिठ्ठीत तेही ठळक लिहावे.