निखारे विझवा, मग निजा

चांदूर रेल्वेच्या आसपास कापसाची वेचणी संपली की घराघरांत पऱ्हाट्यांचा ढीग रचला जातो. मागोमाग तुराट्याही येऊन पडतात. घरात गॅस असला तरी अंघोळीचे पाणी किंवा दावतीचा मोठा डेग म्हटला की आपल्याला चूलच आठवते. या वाळक्या काड्यांत एवढी आच येते तरी कुठून?

ही आच मुळात उन्हाची. हिरवे झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन उन्हाच्या बळावर आपले लाकूड घडवते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते. जळताना याच्या उलट घडते. पेटत्या काडीच्या आचेने लाकडातल्या अणूंचे जुने बंध तुटतात. त्याला उष्णता खर्च होते, म्हणून आधी काडी लावावी लागते. मग कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडले जाऊन कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हे नवे बंध जास्त मजबूत असतात. ते जुळताना खर्चाहून कितीतरी अधिक ऊर्जा बाहेर पडते आणि तिच्यावरच आपली भाकरी भाजते. हिरव्या झाडातून मिळणाऱ्या अग्नीचा उल्लेख सूरह यासीनमध्ये (आयत 80) आला आहे. चूल पेटवताना अल्लाहच्या या देणगीची आठवण ठेवावी.

पण हवा कमी पडली की जळण अर्धवट राहते. 12 ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला तर सुमारे 394 किलोजूल उष्णता मिळते. अर्धवट जळाला तर केवळ 111. म्हणजे आच घटते आणि वर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

आमची खरी काळजी आहे ती बाळंतिणीच्या खोलीची. थंडीत दारे-खिडक्या लावून बाजेजवळ शेगडी ठेवली जाते. “आता धूर नाही, नुसते निखारे आहेत,” असे म्हणून घरातली मोठी माणसे निर्धास्त होतात. पण लाल निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. ती दिसताच आई-बाळाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखाना गाठावा.

शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून, कोणी जागे असतानाच द्यावा. नंतर शेगडी बाहेर न्यावी. झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी दिली आहे, ही हदीस सहीह बुखारीत आहे. आज इशाच्या नमाजनंतर निजण्याआधी आपल्या घरातली शेगडी एकदा पाहून घ्या. बाळाला ऊब द्यायला गोधडी पुरेशी आहे.