गाव सुंदर, गावकरी बेदखल

इंग्लंडातील खेड्याविषयी आपल्या सुशिक्षित वर्गाला जुनी ओढ आहे. मुलामुलींकडे चार-सहा महिने राहून परतलेली मंडळी त्याचे वर्णन करताना थकत नाहीत. हिरवी कुरणे, छाटलेली कुंपणे, सातशे-आठशे वर्षांचे चर्च, आणि तेथून तासाभरात लंडन! खेड्याची शांतता आणि महानगराचा पगार असा दुहेरी लाभ ज्या व्यवस्थेने मिळवून दिला, ती आपणही का स्वीकारू नये, असा प्रश्न मग ओघानेच येतो. बाजार मोकळा सोडा, वाहतूक खाजगी हाती द्या, असा उपदेश करणारे आपले अर्थपंडित त्या प्रश्नाची वाटच पाहत असतात. प्रस्तुत लेखकानेही लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशर परगण्यातील अशा एका गावी काही महिने मुक्काम केला आहे. गाव सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ते सुंदर गाव कोणाचे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रवासवर्णनांत सापडत नाही.

सकाळी सहा ते आठच्या दरम्यान गावातील कमावती माणसे मोटारीने दोन-तीन मैलांवरील स्टेशन गाठतात आणि लंडनची गाडी पकडतात. २०२० च्या साथीनंतर कित्येकांना आठवड्यातून दोन-तीन दिवसच कचेरीत जावे लागते. त्यांच्यासाठी २०२१ साली अठ्ठावीस दिवसांत कोणतेही आठ दिवस चालणारा पासही निघाला. तरीही गाव गजबजत नाही, कारण घरी असलेला माणूस दार लावून संगणकासमोर बसलेला असतो. बस दिवसातून दोन-तीन वेळा येते, रविवारी येत नाही. पोस्ट गेलेले, दुकान गेलेले, दोनपैकी एका पबाचे राहते घर झालेले. एका घरी दोन मोटारी ही तेथे श्रीमंतीची नव्हे, निरुपायाची खूण आहे. ज्याला डोळ्यांच्या दोषामुळे मोटार चालविता येत नाही असा म्हातारा, किंवा ज्याला अजून परवाना नाही असा पंधरा वर्षांचा मुलगा, यांना ते गाव म्हणजे हिरवळीने वेढलेली कोठडीच. वृद्धांना आंघोळ घालणारी मदतनीस, शाळेतील स्वयंपाकीण, बागा राखणारा माळी ही माणसे गावात राहत नाहीत. त्यांना तेथे राहणे परवडत नाही. संध्याकाळी लंडनचे चाकरमानी गावात शिरत असतात त्याच वेळी गावाचे काम करणारी माणसे गावाबाहेर पडत असतात.

हे आपोआप घडले नाही. १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैलांचे लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली, आणि तिचा मोठा भाग अमलात आला. उरली ती बस. १९८५ च्या वाहतूक कायद्याने लंडन वगळून सर्वत्र बसवाहतूक स्पर्धेच्या हवाली केली, आणि जेथे नफा नाही तेथे बस नाही, हा न्याय १९८६ पासून खेड्यांना लागू झाला. लंडन का वगळले, याचे उत्तर स्पर्धेच्या पुरस्कर्त्यांनी कधीतरी द्यावे! मग घरे. १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना आपापली घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि इंग्लंडात आजवर अशी सुमारे वीस लाख घरे विकली गेली. एका पिढीला लाभ झाला हे खरेच. पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी उभी राहिली नाहीत, आणि खेड्यात मुळात होतीच ती मोजकी. १९९७ साली इंग्लंडात साधारण घराची किंमत साधारण वार्षिक कमाईच्या साडेतीन पट होती. २०२४ मध्ये ती साडेसात पटींहून अधिक होती, आणि लंडनभोवतीच्या परगण्यांत त्याहूनही जास्त. अशा वेळी शेतमजुराचे किमान वेतन ठरविणारे स्वतंत्र मंडळ तरी राखावे? तेही इंग्लंडात २०१३ साली मोडीत काढण्यात आले.

या साऱ्याचे खापर लंडनच्या चाकरमान्याच्या माथी फोडण्याची तिकडे पद्धत आहे. ‘बाहेरचे आले आणि गाव बिघडले’ हे वाक्य आपल्यालाही अपरिचित नाही. मुंबईत घर मिळेनासे झाले की आपणही बाहेरचा माणूसच शोधतो. रे पाल या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच हर्टफर्डशरमधील गावे तपासली होती. तेथील खरा भेद जुने आणि नवे असा नसून वर्गाचा आहे, हे त्याने तेव्हाच दाखवून दिले होते. लंडनचा कारकून किंवा शिक्षक गावात येतो तो लंडनात घर परवडत नाही म्हणून. आपल्या ओळखीच्या कित्येक घरांतील डॉक्टर आणि संगणक-अभियंते मुलेही याच कारणाने तेथे जाऊन राहिली आहेत. पगाराचा मोठा हिस्सा कर्जाच्या हप्त्यात आणि रेल्वेच्या पासात घालणारा हा माणूस शेतमजुराचा शत्रू कसा? या दोघांच्या भांडणात तिसराच सुखाने बसला आहे, आणि तो म्हणजे जमिनीचा मालक.

हर्टफर्ड शहराजवळ हेलीबरी नावाचे ठिकाण आहे. आज तेथे श्रीमंतांच्या मुलांची शाळा आहे. १८५८ पर्यंत तेथे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडविणारे महाविद्यालय होते. अर्थशास्त्राचे अध्यापक होते माल्थस. जमिनीचा खंड मालकाच्या श्रमातून निर्माण होत नाही, लोकसंख्या आणि मागणी वाढली की तो आपोआप वाढतो, हा सिद्धांत त्यांनी तेथे शिकविला. त्यांचा शिष्य प्रिंगल पुण्यास असिस्टंट कलेक्टर म्हणून आला आणि त्याच सिद्धांताच्या आधारे त्याने दख्खनच्या रयतेवर निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसविला. परिणाम इतिहासात नमूद आहे: मोजणीतील चुका आणि जबर आकारणी यांमुळे जमिनी ओस पडल्या, रयत परागंदा झाली, आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरापासून सारे नव्याने आरंभावे लागले. इंदापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून ‘अनार्जित’ म्हणून जे कठोरपणे वसूल केले गेले, ते खुद्द हेलीबरीच्या कुंपणापलीकडील जमीनदाराकडून कोणी मागितले काय? तेथे तर खंडाचा सिद्धांत अक्षरशः खरा होता! लोहमार्ग आला तो जमीनदाराच्या घामातून नव्हे. लंडन वाढले ते त्याच्या नांगराने नव्हे. आज त्या भागात शेतजमीन हेक्टरी वीस-पंचवीस हजार पौंडांच्या आसपास आहे. तीच बिगरशेती झाली, घरे बांधण्याची परवानगी मिळाली, की किंमत दहा लाख पौंडांच्या पलीकडे जाते. एका कागदाने हे घडते, आणि तो कागद समाजाने दिलेला असतो.

इंग्रज समाजवाद्यांना हे कळत नव्हते असे नव्हे. १९४६ साली याच परगण्यातील स्टीव्हनेज हे पहिले नवे नगर म्हणून जाहीर झाले, तेव्हा जमीन शेतीच्या भावाने घेतली जाणार म्हणून केवढा गहजब झाला! मंत्री लुईस सिल्किन यांच्या नावावरून स्टेशनच्या पाटीवर ‘सिल्किनग्राड’ असे लिहिण्यात आले. पुढच्याच वर्षी सिल्किन यांच्या नगररचना कायद्याने विकासातून होणारी भूमिमूल्याची सारी वाढ शंभर टक्के सरकारजमा करण्याची तरतूद केली. १९५३ मध्ये हुजूर पक्षाने ती रद्द केली. १९६७ मध्ये मजूर पक्षाने पुन्हा कर बसविला, १९७० नंतर तो गेला. १९७५-७६ मध्ये तिसऱ्यांदा कायदे झाले. १९८० आणि १९८५ मध्ये तेही गुंडाळले गेले. दरम्यान १९६१ च्या कायद्याने उलटाच नियम घालून दिला होता: सार्वजनिक कामासाठी जमीन घेतानाही, भविष्यात मिळू शकणाऱ्या परवानगीची किंमत मालकाला आजच मोजावी! मजूर पक्षाचा दोषही लपविण्याचे कारण नाही. त्यांचे कायदे इतके क्लिष्ट असत की जमीनमालक पुढील निवडणुकीची वाट पाहत स्वस्थ बसे, आणि जनतेला आपण काय गमावले हे कळतही नसे.

येथे चाकरमान्याविषयीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. घर घेतले की तोही त्या मूल्यवाढीचा लहानसा भागीदार होतो. इंग्लंडच्या भूमीचा सुमारे आठवा भाग हरित पट्ट्यात आहे. शहराने अस्ताव्यस्त पसरू नये हा मूळ हेतू उत्तमच. पण गावाबाहेर भाड्याच्या बारा घरांची योजना आली की निसर्गप्रेमाचे फलक जितक्या तत्परतेने उभे राहतात, तितक्या तत्परतेने बंद पडलेल्या बससाठी कोणी उभे राहत नाही. घरावरील कर तेथे अजूनही एप्रिल १९९१ च्या किमतींवर ठरलेल्या वर्गवारीने आकारला जातो. म्हणजे गेल्या तीन दशकांतील वाढ त्या हिशेबात नाहीच. मालकीची ही चिमूटभर वाटणी करूनच मोठी मालकी सुरक्षित राहते, हे हुजूर पक्षाने फार लवकर ओळखले.

पर्याय कागदावरचा नाही. त्याच परगण्यात लेचवर्थ आहे. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेनुसार १९०३ साली वसविलेल्या या नगरात जमीन एका संस्थेच्या मालकीची राहावी आणि तिच्या भाड्यातून नगराच्या सोयी व्हाव्यात, अशी योजना होती. १९६० च्या सुमारास नफेखोरांनी ती संस्था बळकावू पाहिली, तेव्हा १९६२ मध्ये पार्लमेंटला कायदा करून तिला वाचवावे लागले. आज एका न्यासाच्या रूपाने ती चालू आहे आणि जमिनीचे उत्पन्न नगरातच खर्च होते. रेल्वेकंपन्याही २०२४ च्या कायद्याने एकेक करून सार्वजनिक मालकीकडे परत येऊ लागल्या. तीस वर्षांच्या खाजगीकरणानंतर! आपल्याकडे रेल्वे विकण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या लेखणीला या बातमीची शाई लागलेली दिसत नाही.

मात्र लोहमार्ग समाजाचा आणि त्यामुळे वाढणारी जमिनीची किंमत मालकाची, ही विसंगती कायमच आहे. मजूर पक्षाच्या सरकारने २०२४ मध्ये पाच वर्षांत पंधरा लाख घरांचे वचन दिले आणि हरित पट्ट्याचे काही तुकडे मोकळे करण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ च्या कायद्याने, काही विशिष्ट सार्वजनिक योजनांपुरती का होईना, भावी परवानगीची किंमत न देता जमीन संपादन करण्याची वाटही उघडली आहे, आणि ती उघडली हुजूर पक्षाच्याच राजवटीत. तेव्हा आता विरोधकांकडे बोट दाखविण्याची सोय उरलेली नाही. कौन्सिलांनी हा अधिकार वापरून शेतीच्या भावाने जमीन घ्यावी, तिच्यावरील घरे विक्रीस न काढता भाड्याने द्यावीत, आणि वाचलेल्या पैशातून बस चालवावी, ही मागणी तेथील कामगार संघटनांनी आणि गावोगावच्या भाडेकरूंनी लावून धरली पाहिजे. चाकरमान्यांनी कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे त्यांना त्याच वेळी ठरवावे लागेल.