हायड्रोजन खतात घाला, आमच्या सोयाबीनला हीट पंप द्या



चार दिवसांपासून फोनवर एकच व्हिडिओ फिरून राहिला. "आता पाण्यावर चालणार ट्रॅक्टर! हायड्रोजन आला, डिझेलची कटकट मिटली!" बीबीतल्या पाच-सहा पोरांनी मलाही पाठवला, "काका, हे पाहा." पाहिला. आता माझं ऐका.

पाण्यावर काहीच चालत नाही. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. चुलीतली राख पुन्हा पेटते का? नाही पेटत. तसंच पाण्याचं आहे. त्यातून हायड्रोजन वेगळा करायचा तर वीज घालावी लागते, अन् ती लय लागते. एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज जाते. ती वीज सूर्याची नाहीतर वाऱ्याची असली की त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. पोरांनो, हा नवीन झरा नाही. वीज साठवायचं अन् वापरायचं ते एक साधन आहे, अन् तेही महागाचं.

मी दहावी पास. पण हिशेब कळतो, कारण वावरात हिशेब चुकला की घरात कळतं.

सरकारनं यात हात घातला आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला 19,744 कोटी मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनाचं लक्ष्य आहे. जुलै 2023 मध्ये आपल्या राज्यानं हरित हायड्रोजनचं धोरण आणलं, त्याला 8,562 कोटी. जानेवारी 2024 मध्ये सात कंपन्यांशी 2 लाख 76 हजार कोटींचे करार झाले. आकडे मोठे आहेत. माझा विरोध हायड्रोजनले नाही. माझा प्रश्न एकच आहे, हा इतक्या महागाचा माल कशात घालणार?

आधी माझी गोष्ट सांगतो. 2024 चा ऑक्टोबर आठवा. सोयाबीन सोंगून सुडी लावली अन् वरून पाणी. ताडपत्री टाकली, तरी खालून ओल धरली. दोन दिवस ऊन पडलं तसं घाईनं हडंबा लावला, कारण हरभऱ्यासाठी वावर मोकळं करायचं होतं. माल घेऊन गेलो तर व्यापाऱ्याच्या यंत्रात ओलावा निघाला 18. भाव पाडला तो पाडला, वरून क्विंटलमागे पाच किलो कट. सरकारी खरेदीचा हमीभाव तेव्हा 4,892 होता, पण अट 12 टक्के ओलाव्याची. नोव्हेंबरात केंद्रानं 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली. तोवर आमच्यासारख्यांचा माल विकून उधारी फेडून झाली होती. सूट आली, सोयाबीन घरात नव्हतं.

आता हिशेब करा. 18 टक्के ओलाव्याचं एक क्विंटल सोयाबीन 12 टक्क्यावर आणायचं म्हणजे त्यातून साधारण 7 किलो पाणी काढायचं. फक्त 7 किलो, अर्धा हंडाही भरणार नाही. एवढ्या पाण्यापायी आपण हमीभाव गमावतो.

हे पाणी काढायचं यंत्र जगात आहे, अन् त्याचं नाव हीट पंप. नाव ऐकून घाबरू नका, तुमच्या घरी तो आहे. फ्रीजच्या मागच्या जाळीला हात लावून पाहा, गरम लागते. आतली उष्णता ओढून मागं फेकायचं काम फ्रीज करतो. दूध डेअरीतला बल्क कूलर हेच करतो. हीट पंपचा ड्रायर म्हणजे या दोन्ही बाजू कामाला लावायच्या. ओली हवा थंड नळ्यांवरून न्यायची, तिच्यातलं पाणी थेंब थेंब खाली पडते. मग तीच हवा गरम नळ्यांवरून न्यायची अन् पुन्हा धान्यातून फिरवायची. बाहेर आभाळ असो, रात्र असो, काम चालू राहते. उष्णता तयार करायची नसते, फक्त इकडची तिकडं हलवायची असते. म्हणून एक युनिट विजेत अडीच-तीन युनिटाची उष्णता मिळते.

आता तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवा. 100 युनिट वीज आहे.

हायड्रोजन बनवून जाळला, तर साधारण 60 युनिट उष्णता. बाकीची बनवण्यातच गेली.

साध्या हीटरच्या कॉइलमध्ये घातली, तर 100.

हीट पंपात घातली, तर 250 ते 300.

चौपट-पाचपट फरक आहे, भाऊ. अन् तरीही हायड्रोजन जाळायचे प्रयोग होऊन राहिले. सुरतजवळ कवासला 2023 पासून घरगुती पाइपच्या गॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळला जातो. आधी 5 टक्के, मग 8 टक्के. ऐकायला चांगलं वाटते. पण ते टक्के आकारमानाचे आहेत, अन् तेवढ्याच जागेतला हायड्रोजन नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच उष्णता देते. म्हणजे 8 टक्के मिसळून चुलीवरची उष्णता अडीच टक्क्याच्या आसपासच हायड्रोजनची. प्रयोग म्हणून करा, माझं काही म्हणणं नाही. पण त्यालाच रस्ता समजू नका. इंग्लंडातही घरं तापवायला हायड्रोजनची गावं करणार होते. व्हिटबीचा प्रयोग जुलै 2023 मध्ये बारगळला, रेडकारचा त्याच वर्षी डिसेंबरात. व्हिटबीत तर लोकांनीच विरोध केला होता. त्यांचा अनुभव आपण फुकटात शिकावा.

मग हायड्रोजन कशात घालायचा? आपल्याच गोदामात पाहा. युरियाचा कट्टा म्हणजे बांधून ठेवलेला हायड्रोजन. थळ-अलिबागच्या आरसीएफच्या कारखान्यात नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नत्राशी जोडून अमोनिया करतात, अमोनियाचा युरिया. 45 किलोच्या कट्ट्यात 46 टक्के नत्र, म्हणजे पावणेएकवीस किलो. तेवढ्या नत्रासाठी सव्वाचार ते साडेचार किलो हायड्रोजन लागतो. तो विजेवर बनवायचा तर सव्वादोनशे-अडीचशे युनिट वीज. तुमच्या 5 एचपीच्या सौर पंपाच्या पाट्या चांगल्या उन्हात दिवसाला 20 च्या आसपास युनिट देतात. म्हणजे एका कट्ट्यासाठी पंपाच्या पाट्या बारा दिवस राबल्या पाहिजेत. आपल्याला तो कट्टा 266 रुपये 50 पैशात मिळतो, फरक सरकार भरते. आता सांगा, इतक्या महागाची गोष्ट चुलीत घालायची की खतात?

खतात हायड्रोजनले पर्याय नाही. हवेतल्या नत्राला जोडायला तोच लागतो. उष्णतेला पर्याय आहे, तो वर सांगितला. म्हणून पहिला हक्क खताचा, पोलादाचा, जिथं दुसरं काही चालत नाही त्यांचा.

इथं कृषी खात्यातले जाणकार म्हणतील, काका, युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो अन् तो त्याच नैसर्गिक वायूतून निघतो, निव्वळ हायड्रोजनवर युरिया होत नाही. बरोबर आहे. म्हणून सुरुवात डीएपी अन् मिश्र खताच्या अमोनियापासून करा. तो अमोनिया देशाला बाहेरून आणावा लागते. बाहेर कुठं लढाई पेटली की आपल्या इथं डीएपीसाठी रांग लागते, हे आपण पाहिलं आहे.

अन् आपणही आपल्याकडं पाहू. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी उपटून पाहिल्या का कधी? मधात लालसर दिसल्या तर समजा कारखाना चालू आहे. जे काम कारखाना चार-पाचशे अंश तापमानात अन् शंभरावर पट दाबात करते, तेच काम रायझोबियम मातीच्या गारव्यात फुकट करते. तरी आपण फुलोऱ्यात युरिया फेकतो, शेजाऱ्यानं फेकला म्हणून. पीक हिरवं दिसते, शेंगा वाढत नाहीत. बारा दिवसाच्या उन्हाची किंमत आपणच वावरात सांडतो. बियाण्याला जिवाणू संवर्धक लावायला किती पैसे लागतात? एका कट्ट्याहून कमी.

आता मागणी. नुसतं बोंबलून उपयोग नाही.

एक. दहा-बारा गावांमागं एक हीट पंपचा ड्रायर द्या, शेतकरी कंपनीकडं किंवा खरेदी केंद्रावर. हमीभावाला 12 टक्क्याची अट लावता, तर 12 टक्क्यावर आणायची सोयही द्या. हिशेब मी कमीत कमी धरला आहे. एका युनिटात एक-दोन किलो पाणी निघालं, तरी क्विंटलला साडेतीन ते सात युनिट वीज लागते. तेवढ्यात मालाचा 18 चा 12 होते. पाच किलोच्या कटापेक्षा हे स्वस्त पडते का, तुम्हीच सांगा.

दोन. सौर पंप ऑक्टोबरात बंद असतो, विहिरी भरलेल्या असतात. पाट्या मात्र ऊन खात उभ्या. पीएम-कुसुमच्या नियमात सर्वोपयोगी कंट्रोलर बसवायची सोय आहे, त्यावर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी चालते. लहान ड्रायरही चालवून पाहा. चांगल्या उन्हात दिवसाला तीन ते सहा क्विंटल निघेल, म्हणजे एकराचा माल एक-दोन दिवसात. आभाळात कमी निघेल, हे मी लपवत नाही. म्हणून मोठा ड्रायर लाइनीवरच पाहिजे, अन् लाइन दिवसा पाहिजे.

तीन. कृषी विज्ञान केंद्रानं अन् अकोल्याच्या विद्यापीठानं घरच्या बियाण्यावर चाचणी घ्यावी. सोयाबीनचं टरफल नाजूक. भट्टीच्या गरम हवेत तडकते अन् उगवण जाते. हीट पंप चाळीस अंशाच्या आत सुकवू शकते. उगवण 70 टक्क्याच्या वर टिकली का, हे आमच्यासमोर मोजा.

कोणी म्हणेल, ड्रायर महाग आहे. आहे ना. म्हणून एकट्या शेतकऱ्याला घ्या म्हणत नाही. पण 8,562 कोटीच्या धोरणाच्या तुलनेत तालुक्याला पाच-सहा ड्रायर म्हणजे काय? कोणी म्हणेल, शेतकऱ्यानं पुढची तंत्रज्ञानं नाकारू नये. मी नाकारत नाही. मी फक्त म्हणतो, पुढचं तंत्रज्ञान पुढच्याच कामाला लावा. सुडीतल्या ओलाव्याचं तंत्रज्ञान फ्रीजच्या मागं कधीचं तयार आहे.

पाण्यावर ट्रॅक्टर चालायची वाट पाहणाऱ्या पोरांनो, आधी सोयाबीनमधलं सात किलो पाणी काढायचं बघा. यंदाच्या ग्रामसभेत ड्रायरचा ठराव मी मांडणार आहे. बीबीच्या आसपासच्या गावांनीही मांडावा. ठरावाचा मजकूर पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो. हिशेबात माझी चूक निघाली तर खाली लिहा, दुरुस्त करीन. पण हिशेब घेऊन या, व्हिडिओ घेऊन नको.

राम राम.