वेधशाळेची थट्टा पुरे झाली!

हवामानखात्यावर एखादा विनोद केल्याशिवाय आपल्या वाईत पावसाळा सुरू झाल्यासारखा वाटतच नाही. "वेधशाळेने पाऊस सांगितला ना? मग छत्री खुशाल घरी ठेवा!" हे वाक्य गणपती घाटापासून एस. टी. स्टँडपर्यंत कुठेही ऐकू येते. थट्टेला माझा विरोध नाही. पण जे आपण नीट वाचतच नाही, त्याची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस' हे नेहमीचे वाक्य घ्या. हवामानशास्त्रात हा मध्य महाराष्ट्र नंदुरबार-जळगावपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे, आणि 'तुरळक' म्हणजे त्यातील फार तर पाव हिस्सा केंद्रांवर पाऊस. म्हणजे चारांपैकी तीन ठिकाणे कोरडी राहिली तरी अंदाज खराच! 'काही ठिकाणी' म्हणजे पावापासून निम्म्यापर्यंत. प्रत्येक शब्दाला असे माप आहे. आपण मात्र 'पाऊस' एवढाच शब्द उचलतो, तो आपल्या अंगणात पडला नाही की रागावतो. हा दोष शास्त्राचा की वाचनाचा?

त्यातून वाईची जागा मोठी गमतीची. येथून तीस-बत्तीस किलोमीटरवर, सुमारे १,४०० मीटर उंचीवर महाबळेश्वर. तेथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर. येथे हजार मिलिमीटरही पडत नाही. कारण साधे आहे. समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते, थंड होते. बाष्पाचे पाणी होते आणि ते घाटमाथ्यावर कोसळते. तीच हवा पूर्वेकडे खाली उतरताना दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. कोरडी हवा दर किलोमीटर उतरणीला सुमारे दहा अंशांनी तापते. आपण डोंगराच्या पर्जन्यछायेत राहतो आणि डोंगरमाथ्याचा अंदाज स्वतःला लावून घेतो. हवामानखाते सातारा जिल्ह्याच्या घाटभागासाठी वेगळा इशारा देते, तो याचसाठी.

'मग आठवड्याचा अंदाज दिवसाबरहुकूम का सांगत नाहीत?' असे कोणी विचारील. एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, वातावरणासारख्या व्यवस्थेत आरंभीचा क्षुल्लक फरकही वाढत वाढत सारे चित्र पालटून टाकतो. म्हणून उद्याचा अंदाज भरवशाचा, पाचव्या दिवसाचा त्याहून कमी, आणि दोन आठवड्यांपलीकडे रोजचा पाऊस सांगणे जवळजवळ अशक्य. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा जो अंदाज निघतो, तो सरासरीपेक्षा अधिक की उणा, एवढेच सांगतो. आपली मर्यादा ओळखून बोलणे याला मी दुबळेपणा म्हणणार नाही.

गंमत पाहा, पंचांगात मृगाचे वाहन बेडूक निघाले आणि मृग कोरडा गेला, तर पंचांगकर्त्याला कोणी हसत नाही! नक्षत्रांच्या हिशेबाने शेतीचे दिवस ओळखणे हे पिढ्यांच्या अनुभवाचे सार आहे. त्याबद्दल मला आदरच आहे. पण वाहन गणिताने ठरते, ढगांकडे पाहून नव्हे.

हा सारा केवळ बौद्धिक वाद असता तर मी लेखणी उचलली नसती. आपल्यापैकी निम्मी मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत. जूनची पहिली सर आली की बी मातीत जाते, मग पंधरा दिवस आभाळ कोरडे, आणि दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे गेले की त्या वर्षी कुणाची तरी फी थकते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे कृषिखाते सांगते. पण गावात किती मिलिमीटर पडला, हे मोजतो कोण? आणि २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, आपल्याच तालुक्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या. अशा वेळी इशाऱ्याचा अर्थ कळणे हा जिवाचा प्रश्न होतो.

'कलाशाखेच्या मुलांनी विज्ञानात नाक कशाला खुपसावे?' तर शब्दांचा अर्थ लावणे हाच आपला धंदा आहे म्हणून! माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाच्या मोकळ्या मैदानात, झाडाभिंतींपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी रोज सकाळी साडेआठला मोजणी करावी. मंगळवारी-शुक्रवारी कृषिहवामान सल्ला निघतो. मराठीच्या विद्यार्थ्यांनी तो घरच्या आजोबांना कळेल अशा भाषेत फलकावर लिहावा, आणि शेजारी मागच्या अंदाजाचे काय झाले, तेही लिहावे. वर्षभर असा ताळा मांडला की, वेधशाळा किती वेळा चुकते हे आपल्याला आकड्यांनिशी सांगता येईल. मग खुशाल थट्टा करू. निदान ती अभ्यासू थट्टा असेल!